ससा, तलवार आणि मालकी

सतराव्या शतकातल्या जपानमध्ये एक सामुराई गावोगाव भटकतो. त्याचा धनी लढाईत मारला गेलाय. आणि हा सामुराई आहे ससा! स्टॅन साकाई यांची ‘उसागी योजिम्बो’ ही चित्रकथा १९८४ पासून वाचकांना धरून आहे.

चाहते तलवारबाजीवर फिदा असतात. मला मात्र तिच्या दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात.

पहिली, मेहनत. पतंग कसा बनतो, मातीचं भांडं कसं घडतं, हे साकाई अभ्यास करून कथेत आणतात. ‘द हिडन’मध्ये बंदी असलेला ख्रिस्ती धर्म लपून पाळणारी माणसं येतात. त्यांची व्यथा भाषणातून नाही, एका तपासकथेतून उलगडते.

दुसरी, मालकी. फँटाग्राफिक्स, मिराज, डार्क हॉर्स, आयडीडब्ल्यू असे प्रकाशक बदलले, पण उसागी साकाईंचाच राहिला.

मित्रांनो, ‘आमच्या गोष्टी कुणी सांगत नाही, सांगितल्या तर चुकीच्या सांगतात’ ही आपली तक्रार खरी आहे. पण दुसऱ्याची वाट किती पाहायची? उसागीची सुरुवातही एका छोट्या कृष्णधवल अंकातच झाली होती. मिरजेतले सतार घडवणारे हात, मालेगावचे यंत्रमाग, कोकण किनाऱ्यावरच्या होड्या, हे सारं आपल्या डोळ्यांसमोर आहे. नीट बघा, विचारा, चार पानं काढा. छापायला कुणी तयार झालाच, तर सही करण्याआधी हक्क कुणाकडे राहणार, तेवढं वाचून घ्या.