शाहीर आणि चळवळीचे ऋण

अमेरिकेतील काळ्या जनतेच्या नागरी हक्कांच्या लढ्याचा इतिहास आपल्याकडे बहुधा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणांपुरताच वाचला जातो. परंतु १९६२ साली जॉर्जियातील ऑल्बनीच्या लढ्यातून पुढे आलेल्या 'फ्रीडम सिंगर्स' या तरुण गायकांच्या पथकाने जे साधले, ते भाषणांनी साधणारे नव्हते. चर्चमधील पिढीजात भजनांच्या चाली घेऊन येशूच्या नावाच्या जागी त्यांनी 'स्वातंत्र्य' हा शब्द बसविला. त्या गाण्यांनी तुरुंगातल्या माणसांना धीर दिला आणि गावोगावच्या कार्यक्रमांतून विद्यार्थी संघटनेसाठी निधीही उभा केला.

महाराष्ट्राला यात नवल वाटण्याचे कारण नाही. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा ओळखीचा साचा घेऊन हेच केले होते. त्याच वाटेने १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांचा आंबेडकरी जलसा खेड्यापाड्यांत हिंडला आणि अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोचला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. सेवा दलाच्या कलापथकाची कामगिरीही जुन्या साथींना ठाऊक आहेच. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना लोटलेली गर्दी केवळ पुढाऱ्यांची नव्हती, ती शाहिरांचीही होती.

आणि या शाहिरांचे पुढे काय झाले? अण्णा भाऊ १९६९ साली विपन्नावस्थेत गेले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. ज्या संघटनेसाठी ते गात, तिने त्यांना आधीच दूर लोटले होते. गोळीबाराचा जाब सरकारला विचारता येतो; शाहिराच्या एकाकीपणाचा जाब कोणाला विचारावयाचा?

अंबरनाथ-चिखलोलीच्या औद्योगिक पट्ट्यातील कामगार वस्त्यांत भजनी मंडळे आहेत, भीमजयंतीला गाणारी पोरे आहेत. पक्षांच्या शाखांना त्यांची आठवण होते ती गर्दी जमेपर्यंतच. वक्ता आला, की 'आटोपते घ्या' अशी चिठ्ठी व्यासपीठावर जाते! शाखेच्या वार्षिक अंदाजपत्रकात ध्वनिक्षेपकाचे भाडे असते, गाणाऱ्याचे मानधन नसते. ते यंदापासून असावे, आणि कंत्राटी कामगारांच्या वेतनाचा प्रश्न ज्या बैठकीत चर्चेला येईल, त्या बैठकीस गाणी रचणाऱ्यांनाही मतासह बोलवावे.