कोनाच्या उतारावरील घर

जपानच्या मध्यवर्ती डोंगराळ प्रदेशात शिराकावा-गो व गोकायामा ही खेडी आहेत. नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारखी उभी उतरती, जाड गवताने शाकारलेली छपरे, खाली माणसांचा वावर आणि वर माळ्यावर रेशमाच्या किड्यांची जोपासना, अशी तेथील जुन्या घरांची रचना. १९९५ साली युनेस्कोने त्यांस जागतिक वारशाचा मान दिला. सकाळी जाऊन सायंकाळी परतणाऱ्या प्रवाशांची तेथे रीघ असते. अमेरिकेच्या हवाई बेटांवर स्थायिक झालेल्या जपानी मजुरांच्या वंशजांनाही, आजोबांचा देश म्हणून, ह्या सहलीची भुरळ पडावी हे स्वाभाविकच आहे. परंतु त्यांचे आजोबा बहुतांशी हिरोशिमा, यामागुची, कुमामोतो, फुकुओका अशा नैर्ऋत्येकडील प्रांतांतून पोटासाठी निघालेले. गवती छपराचे ते देखणे घर त्यांचे नव्हे. त्यांचे घर पाहावयाचे तर हवाई बेटावरच, कोना भागात, मौना लोआ पर्वताच्या उतारावर गेले पाहिजे.

८ फेब्रुवारी १८८५ रोजी ‘सिटी ऑफ टोकियो’ ह्या आगबोटीतून सरकारी करारावरचे पहिले नऊशेंहून अधिक जपानी होनोलुलू बंदरात उतरले. करार तीन वर्षांचा; पुरुषास महिना नऊ डॉलर मजुरी व सहा डॉलर जेवणखर्च. पुढे उसाच्या मळ्यांवर ‘बांगो’ नावाचा क्रमांकाचा बिल्ला मजुराच्या अंगावर आला आणि माणूस नावाऐवजी आकड्याने ओळखला जाऊ लागला. करार मोडून पळणे हा गुन्हा होता. तरीही कित्येक पळाले, काहींनी नावे बदलली, आणि कोनाच्या कॉफीच्या रानाने त्यांना आसरा दिला. मॉरिशसच्या वाचकास येथे ल मॉर्नचा डोंगर आठवल्यावाचून राहणार नाही. १८९९ च्या सुमारास कॉफीचे भाव कोसळले, मोठे मळे मोडले आणि पाच-दहा एकरांचे तुकडे जपानी कुटुंबांनी खंडाने घेतले. १९०० साली अमेरिकेचा कायदा लागू होऊन करारी मजुरीही संपली.

अशाच एका कुटुंबाचा, उचिदांचा, मळा कोना हिस्टॉरिकल सोसायटीने १९२० ते १९४५ ह्या काळात होता तसा राखला आहे. फळ्यांच्या भिंतींचे, पत्र्याच्या छपराचे लहानसे घर. लाव्ह्याच्या जमिनीत ओढे टिकत नाहीत, म्हणून पावसाचे पाणी साठविण्याची टाकी. लाकडावर पेटणारी चूल, सरपणावर तापणारे न्हाणे, बी सोलण्याची ‘कुरिबा’, ओझ्यासाठी गाढव. सर्वांत चतुर वस्तू म्हणजे ‘होशिदाना’: कॉफी वाळविण्याचा उंच मंच, आणि त्यावर चाकांवर सरकणारे छप्पर. पावसाची सर आली की घरातील पोरेसोरेसुद्धा धावत जाऊन ते ओढून घेत. ह्या एका छपरात त्या कुटुंबाचा सारा दिनक्रम दिसतो. शिराकावाच्या भव्य छपरापुढे ते ओबडधोबड खरे, पण ते परक्या भूमीवर, उसन्या साहित्याने, पळून आलेल्या माणसांच्या बुद्धीने उभे राहिले.

ह्या उतारावरील शाळांची सुट्टीही कॉफीच्या तोडणीशी जुळविलेली होती. १९३२ पासून १९६९ पर्यंत, इतरत्र मुले वर्गात असताना, कोनाची मुले ऑगस्ट ते नोव्हेंबर रानात फळे तोडीत. १९४६ साली येथेच जन्मलेला, मळेमजुरांचा नातू एलिसन ओनिझुका १९८५ साली अंतराळात गेला व १९८६ च्या चॅलेंजर अपघातात मरण पावला.

सहलीत मात्र एक उणीव राहण्याचा धोका असतो. भाजलेल्या कॉफीचा सुवास पाहुण्यांच्या नाकात भरतो. दुकानदाराची वही त्यांना दिसत नाही. ज्या व्यापाऱ्याकडे कॉफी घालावयाची, त्याच्याच दुकानातून तांदूळ उधार आणावयाचा, आणि पुढचे पीक आधीच गहाण पडावयाचे, असे कोनाच्या कित्येक घरांचे वर्षानुवर्षे चालले. चूल दाखवावी आणि कर्ज झाकावे, हे आजोबांना शोभिवंत करणे झाले. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापणारा ‘दुहेरी काट’ मॉरिशसमध्ये ज्यांनी सोसला, त्यांच्या नातवंडांना हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

मॉरिशसचा मराठी माणूस आज महाराष्ट्राच्या यात्रेस जातो. रायगड पाहतो, पंढरपूरला माथा टेकतो, ते योग्यच आहे. परंतु रत्नागिरीच्या खाचरातून मुंबई बंदरास आलेला त्याचा पणजोबा रायगडावर राहत नव्हता. मॉरिशसात मळेवाल्यांचे यूरेकासारखे वाडे पाहुण्यांसाठी झाडूनपुसून ठेवलेले आहेत. मजूर उतरले त्या अप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्यांना २००६ साली जागतिक वारशाचा मानही मिळाला. पायऱ्या चढून तो माणूस ज्या घरात गेला, तेथे त्याची बायको कोणत्या दगडावर मसाला वाटीत होती, झाकरीची ढोलकी कोणत्या खुंटीला टांगलेली होती, हे नातवास कोठे दाखवावयाचे? काँक्रीटचे घर उभे राहिले की पत्र्याचे जुने घर लाजेने पाडले जाते. गरिबीची लाज समजण्यासारखी आहे. उचिदांच्या मुलांनाही ती वाटली असेल. तरी त्यांचे घर राहिले.

कास्कावेलच्या बाजूस किंवा काळ्या नदीच्या खोऱ्यात एखादे असे मराठी घर अजून उभे असेल, तर समाजाच्या मंडळांनी त्याची विचारपूस ह्याच वर्षी करावी. वृद्ध घरधनीण हयात आहे तोवर कोणती वस्तू कोठे होती हे तिच्याकडून लिहून घ्यावे, दुकानाच्या उधारीसकट. परसात पालापाचोळ्याखाली रोश-कारीचा पाटा बहुधा सापडेल. तो जड असल्यामुळे सहसा कोणी टाकून देत नाही.