पट कमी, म्हणून हक्क कमी?

ऑगस्ट 1923 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सरकारी शाळाही अस्पृश्यांना खुल्या करा, असे त्यात म्हटले होते. पण कागदावरच्या ठरावाने तहान भागली नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना हजारो बांधवांसह महाडच्या चवदार तळ्यावर चालत जावे लागले.

आज त्याच महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतील छोट्या शाळांचा प्रश्न आहे. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण खात्याने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले. या शाळांत उणिवा नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. एकच गुरुजी चार इयत्ता शिकवतात, माहितीचे तक्ते भरतात, पोषण आहारही पाहतात. मग वाचन-गणित मागे पडणारच.

पण बलस्थानेही पाहा. शाळा घराजवळ असते. गुरुजी प्रत्येक मुलाला नावाने ओळखतात. पावसाळ्यात ओढे भरले, दरड कोसळली, तरी वाडीतले मूल शाळेत पोहोचते. 22 जुलै 2021 ची तळियेची दरड आम्ही विसरलेलो नाही. अशा घाटवाटांनी सहा वर्षांच्या मुलीला दूर धाडणार कोण? मुलगाच जाईल, मुलगी घरी राहील.

2009 चा शिक्षण हक्क कायदा एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा आणि 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक देतो. म्हणून आमची मागणी साधी आहे : दुसरा शिक्षक द्या, अशैक्षणिक कामे काढा, पुस्तके द्या. वाडीतील पालकांनीही शाळा व्यवस्थापन समितीत बसून जाब विचारावा. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा पहिला आदेश आहे. शाळेलाच कुलूप लागले, तर तो पाळायचा कुठे?