सतरा चढ आणि आठ मिलिमीटर

मामाच्या घरी गच्चीवर जायला लोखंडी जिना करायचा होता. "तू कॉम्प्युटरवाला ना, मग ड्रॉइंग तूच काढ," असं फर्मान निघालं. मीही हौसेने ऑटोकॅड उघडलं. खालच्या फरशीपासून स्लॅबपर्यंत उंची बरोब्बर ३००० मिमी, चढ १७. भागाकार केला की एक चढ १७६.४७ मिमीचा. मिलिमीटरला कशाला हवेत पॉइंट, म्हणून मी प्रिसिजन शून्यावर आणून ठेवली. कागदावर सगळीकडे सुबक १७६ दिसू लागलं. प्रिंट काढून दिली.

जिना उभा राहिला आणि पहिल्याच आठवड्यात मामी वरच्या टोकाला अडखळली. पडली नाही, नशीब. टेपने मोजलं तर शेवटचा चढ १८४! वेल्डर शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही १७६ लिहिलंय, मी खालून १७६च मारत गेलो." त्याचं काय चुकलं? १७ गुणिले १७६ म्हणजे २९९२. उरलेले आठ मिलिमीटर शेवटच्या चढात जमा झाले. आठ मिलिमीटर काहीच नाही हो, पण पाय खालच्या सोळा चढांत उंची पाठ करून आलेला असतो. तो सतराव्याला फसतो.

गंमत म्हणजे ऑटोकॅडने काहीच चूक केली नव्हती. आत प्रत्येक आकडा पंधरा-सोळा अंकांपर्यंत जपलेला असतो. युनिट्सच्या खिडकीतली प्रिसिजन फक्त दाखवण्यापुरती. डायमेन्शनची प्रिसिजन तर वेगळीच, ती डायमेन्शन स्टाइलमध्ये ठरते. तिथेच राउंड ऑफ नावाचा आणखी एक रकाना असतो. या सगळ्याने रेघ तसूभरही हलत नाही, हलतो तो वाचणारा. आणि वेल्डरकडे फाइल नसते, कागद असतो.

मग काय, आठ दशांश स्थळं छापायची? मुळीच नाही. टेपवर एक मिलिमीटरच्या खाली खूण नाही, कटिंगचं चाक स्वतःच दोन-तीन मिलिमीटर खातं. १७६.४७०५८८२४ लिहिणं ही वेल्डरची थट्टा झाली. कागदावर लिहिलेला प्रत्येक अंक हे एक वचन असतं. पाळता येईल तेवढंच द्यावं.

माझं मत असं की, राउंडिंग टाळायचं नसतं, त्याची जागा निवडायची असते. प्रत्येक चढ सुटा न लिहिता सगळी मापं फरशीपासून द्यायची: १७६, ३५३, ५२९, ७०६... शेवटी ३०००. आता प्रत्येक माप स्वतंत्रपणे राउंड होतं, चूक कुठेच अर्ध्या मिलिमीटरपुढे जात नाही, आणि मुख्य म्हणजे ती साचत नाही.

रोज ऑफिसात मी ज्युनियर मुलांना सांगतो, बाबांनो, हिशेब पूर्ण होऊ द्या, राउंड शेवटी करा. बिलात एक पैसा चुकला तर टेस्टर माझ्या मागे लागतो. घरच्या जिन्याला टेस्टर नव्हता. म्हणजे होती, मामी होती!

असो. जिना खोलून पुन्हा जोडला, खर्च माझा. मामी अजून शेवटच्या चढाला कठडा धरते. तिला हे राउंडिंगचं सांगून उपयोग नाही.