आधी कान लावा

मिशिगनच्या हिवाळ्यात गाडीची बॅटरी बसली तर माणूस वैतागतो, वायपर बंद पडला तर घाबरतो. घाबरावंच. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं. पुढच्या ट्रकने उडवलेला तो खारट, राखाडी चिखल काचेवर आला की समोरचं काही दिसत नाही. अशा वेळी जपून कडेला थांबायचं. दुरुस्ती नंतर.

आणि दुरुस्तीआधी ऐकायचं. पुण्याहून नव्याने आलेल्या शेजारच्या मुलाचा परवा फोन आला, "काका, वायपरची मोटर गेली. नवी केवढ्याला पडेल?" म्हटलं, "गेली हे कुणी सांगितलं तुला? चालू कर आणि आवाज येतो का सांग." घूंघूं आवाज येत होता. शेजारच्या सीटसमोरचा वायपर हलतही होता; ड्रायव्हरसमोरचा तेवढा ढिम्म. म्हणजे मोटर ठणठणीत.

वायपरच्या दांडीच्या मुळाशी, बहुतेक गाड्यांत प्लास्टिकच्या टोपणाखाली, एक नट असतो. रबर गोठून काचेला चिकटलेलं असताना वायपर चालू केला की खालून मोटर जोर लावते, वरची दांडी हलत नाही आणि भांडणाचा निकाल त्या नटावर लागतो. तो ढिला होतो. काच मोकळी करायची, मोटर तिच्या नेहमीच्या जागी थांबू द्यायची, दांडी सरळ बसवून पान्याने नट आवळायचा. आतले बारीक दाते झिजले नसतील तर काम झालं. त्याचं झालं.

आवाजच नसेल तर आधी फ्यूज. कुठला, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. बदलताना तेवढ्याच अँपिअरचा घालावा. मोठा घातला तर फ्यूज वाचतो आणि वायरिंग जळतं. काही मोटरी तापल्या की स्वतःच थांबतात आणि निवल्यावर पुन्हा चालतात. तसं होत असेल तर काचेच्या बुडाशी, बॉनेटच्या मागच्या खाचेत हात घालून बर्फ उपसावा. वायपर फिरवणारे दांडे तिथेच असतात, आणि बर्फ झाडताना नेमकी तीच जागा लोक सोडतात.

गंमत म्हणजे वायपर जन्मला तोच हिवाळ्यातून. अलाबामाच्या मेरी अँडरसन न्यूयॉर्कला गेल्या असताना त्यांना दिसलं की ट्रामचा चालक समोरचं दिसावं म्हणून बर्फाळ पावसात खिडकी उघडी ठेवून गाडी हाकतोय. त्यांनी आतून हाताने ओढायचा वायपर तयार केला. 1903 मध्ये पेटंट मिळालं, पैसा मात्र मिळाला नाही. त्या वायपरचा एक गुण आपण गमावला. रबर अडलं तर ओढणाऱ्या हाताला कळायचं. मोटरीला कळत नाही.

त्यात थांबून-थांबून फिरणाऱ्या वायपरची भर. त्याचं पेटंट आमच्या डेट्रॉइटच्या रॉबर्ट कर्न्स यांचं, 1967 चं. त्यासाठी ते फोर्ड आणि क्रायस्लरशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडले आणि जिंकले. सोय झकास, पण तो चालू आहे हे विसरायला होतं. गाडी तशीच बंद केली की रात्री रबर काचेला चिकटतं आणि सकाळी इंजिन सुरू होताच मोटर धडपडू लागते. म्हणून आधी वायपर बंद करायचा, तो खाली जाऊन बसला की मग इंजिन. बर्फाचा अंदाज असेल तर दांड्या उचलून उभ्या ठेवाव्यात. बॉनेटखाली दडलेल्या वायपरना तसं करता येत नाही, तिथे पुस्तिका पाहावी. सकाळी काचेवर आतून गरम हवा सोडून धीर धरावा. चहाचं आधण ओतायचा मोह होतो. काच तडकते, आणि नाही तडकली तरी ते पाणी तिथेच गोठतं.

काच धुवायच्या टाकीतल्या पाण्याचंही तेच. भारतातल्या सवयीने लोक नळाचं पाणी भरतात. ते गोठतं, नळ्या बंद होतात, कधी टाकीही फुटते. हिवाळ्यात त्याऐवजी भरायचं निळं द्रावण बहुधा मिथेनॉलचं असतं. विषारी, त्यामुळे मुलांच्या हाती लागू देऊ नये. दिवाळीचा फराळ संपत आला की टाकीतलं उरलेलं पाणी काचेवर मारून संपवावं, निळं द्रावण भरावं आणि ते नळ्यांत पोचेपर्यंत दोन-चार फवारे मारावेत.