वाचायचंच असेल तर पुस्तक वाच ना!

'डिस्को एलिझियम'चं नाव काढलं की हे वाक्य येतंच. आणि म्हणणारे गेम्सना नावं ठेवणारे काका-मामा नसतात, स्वतः रात्र रात्र खेळणारी मंडळी असतात. म्हणून जास्त डोकं फिरतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गेम २०१९ चा, एस्टोनियन लेखक-कलाकारांच्या टोळक्याने केलेला. दारू पिऊन स्वतःचं नावही विसरलेला एक पोलीस डिटेक्टिव्ह, हॉस्टेलमागच्या झाडाला लटकलेलं प्रेत, बंदरावर चाललेला संप. मारामारीची वेगळी सिस्टीमच नाही. बोलायचं, वाचायचं, परत बोलायचं.

मग हे पुस्तकच झालं की! नाही ना राव. पुस्तक सगळ्यांना तेच वाक्य देतं. इथे २४ स्किल्स आहेत आणि प्रत्येक स्किल म्हणजे त्या माणसाच्या डोक्यातला एक आवाज. 'एन्सायक्लोपीडिया'ला पॉइंट्स दिलेत तर निरुपयोगी माहितीचा रतीब सुरू. 'एम्पथी' वाढवलीत तर समोरची बाई काय लपवतेय ते कानात सांगितलं जातं. नाही वाढवलीत? मग ते वाक्य स्क्रीनवर येतच नाही, आणि आलं नाही हे कळतही नाही. म्हणजे इथे मजकूर हाच मेकॅनिक आहे. सजावट नव्हे.

त्यात दोन फासे. दोन्हींवर सहा आले तर नक्की पास, दोन्हींवर एक आला तर नक्की नापास, बाकी स्किलची बेरीज. काही चेक पुन्हा करता येतात, लाल चेक एकदाच. शरीर अगदीच कमकुवत ठेवलंत तर पहिल्याच खोलीत, पंख्यावरचा टाय काढताना हार्ट अटॅकने मराल. (मी तीनदा हसलो.)

पण खरी गंमत नापास होण्यात. हॉटेलचं बिल चुकवून पळायचा प्रयत्न फसला, तर आपला हिरो पळता पळता मागे वळून मॅनेजरला बोटं दाखवतो आणि थेट व्हीलचेअरमधल्या एका म्हाताऱ्या बाईंवर जाऊन आदळतो. पास झालात तर हे दिसणारच नाही! तरी आपले लोक काय करतात? लगेच जुना सेव्ह लोड. अरे, अप्रेझल आहे का हे? दहावीपासून एकही मार्क जाऊ द्यायचा नाही ही सवय लागलीये, ती गेममध्येसुद्धा सुटत नाही. आणि मग म्हणायचं, "काही घडतच नाही."

घडतं कुठे म्हणे, तर ओपन-वर्ल्ड गेम्समध्ये. नकाशावर शंभर चिन्हं, प्रत्येकापाशी जा, टिक करा. शुक्रवारपर्यंत ऑफिसात तिकिटं बंद करायची आणि शनिवारी घरी बसून परत तिकिटंच बंद करायची, फक्त हातात तलवार. त्याला साठ तास दिले तर 'पैसा वसूल', आणि इथे तीस तास गेले तर वेळ वाया?

इंग्रजी जड आहे, मान्य. पहिले दोन तास रेंगाळतात, तेही मान्य. २०२१ च्या 'फायनल कट'मध्ये जवळपास सगळे संवाद आवाजात आहेत, त्याने बरंच सोपं होतं. मुख्य लेखक रॉबर्ट कुर्विट्झ आता त्या कंपनीत नाही, २०२२ मध्ये हे भांडण चव्हाट्यावर आलं. त्यामुळे पैसे कोणाच्या खिशात जातात हा प्रश्न रास्त आहे. त्यावर वाद घाला, मी ऐकेन. "वाचावं लागतं" ही मात्र तक्रार नव्हे.

घेतलात तर पहिल्या खेपेला 'इंटलेक्ट' कमी ठेवा. आपण सगळे तेच आधी वाढवतो.