बुलेटचा मुहूर्त

मुहूर्त चुकला तर लग्नघरात नुसती धावपळ होते. इंजिन मात्र सरळ लाथ मारते! आमच्या बाबांची जुनी, पॉइंटवाली बुलेट घेऊन चिरंजिवांनी या दिवाळीत गोंदियाहून नवेगावबांधला जायचे ठरवले आहे. म्हणून मिस्त्रींच्या शेजारी पाट टाकून आम्ही हे शास्त्र समजून घेतले.

ठिणगी पडल्यावर पेट्रोलची वाफ पूर्ण पेटायला थोडा वेळ लागतो. तेव्हा दट्ट्या माथ्याला टेकण्यापूर्वी, सुमारे ०.८ मिलिमीटर खाली असतानाच ती पडली पाहिजे. फार लवकर पडली तर किक उलटते आणि घोटा मोडतो, ही थट्टा नव्हे. उशिरा पडली तर गाडी ओढत नाही, नुसती तापते.

पण आधी पॉइंटमधले अंतर ०.३८ मिलिमीटर करून घ्यावे. अंतर वाढले की ठिणगी आपोआप लवकर पडते. त्यामुळे हा क्रम उलटा केला तर सारी मेहनत वाया! मग दाबाच्या फेरीत दट्ट्या त्या जागी आणून पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरावा (सिगारेट मिस्त्रींची, बरे का!) आणि पॉइंटची चकती हळूहळू फिरवावी. कागद अलगद सुटला, की चकती तिथेच आवळावी.